सेलची चव

खोबरेल तेलाचा साबण महिनाभर फळीवर वाळत होता. कुंदाताईंचा हा पहिलाच घाणा. तो तयार झाला की नाही, हे कळायचं कसं? पुस्तकात लिहिलं होतं, वडीला जीभ लावा. बॅटरीच्या सेलसारखा झटका बसला, तर कॉस्टिक सोडा अजून मुरलेला नाही.

"सेलची चव मला कुठून ठाऊक?" त्या पुटपुटल्या.

रेडिओदुरुस्तीत जन्मभर सेल जिभेवर पारखलेले यजमान दुकान बंद केल्यापासून खिडकीशी गप्प बसून असत. ते उठले, वडीला जिभेचं टोक लावलं आणि डोळे मिटले. "झटका अर्धाच उतरलाय. आठवडाभर राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्या चहा घेऊन आल्या, तर खिडकीतली खुर्ची रिकामी. यजमान फळीपाशी वडी चाटत उभे होते.

"अहो, आठवडा म्हणालात ना?"

"म्हणालो. पण रोज किती उतरतो, ते बघायला नको?"