टोपलीत चार वस्तू

"दाबा की आता," राहीबाई म्हणाली. "त्येच बटण."

नाथाजीनं माऊस दाबला. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. लेक जयराज फौजेत गेला, तेव्हा मागं ठेवून गेलेला हा कॉम्प्युटर. आता म्हाताऱ्यांपेक्षाही हळू चालायचा.

"आगं, एवढ्यात औंधाचा बाजार दोनदा करून आलो असतो."

"दम धरा. शिकून घ्या. दर बारीला मी कुठं पुरी पडू?"

मंगळवार होता, यमाईचा. उपवास धरलेली राहीबाई मागं उभी राहून एकेक वस्तू सांगत होती. आधी छत्री. मग गादी. मग पितळी तांब्या. प्रत्येक वस्तू रखडत, अडखळत पडद्यावरच्या दुकानाच्या टोपलीत पडत होती.

"छत्री हाय की घरात!"

"नवी लागती."

नाथाजीचा हात माऊसवरच थबकला. गेल्या महिन्यात शेजारच्या केरबाचं तेरावं झालं. दानासाठी अंगणात हेच मांडलं होतं. गादी, छत्री, तांब्या. आणि चपला.

त्याला सांगलीचा दवाखाना आठवला. खोकला त्याचा म्हणून गेले होते. 'आलेच हाय तर' म्हणत राहीबाईनंही तपासून घेतलं. शेवटी डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावलं. बाहेर आली ती पदरानं डोळे पुशीत. "काय न्हाई वो. काढा घ्या, बरं वाटंल." तेव्हापासून ती त्याच्यावर एकदाही खेकसली नव्हती. उलट रोज शेजारी उभी राहून त्याच्याकडून चहा करून घेत होती.

त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. "आनि काय ऱ्हायलं?"

"चपला," ती हळूच म्हणाली. "निवडून ठेवल्यात मी. तुमी नुसतं दाबा. ऐन वक्ताला धावपळ नको."

"राहे, खरं सांग. मला काय हुनार हाय का गं?"

"तुमाला काय धाड भरलीय?" ती हसली. मग देव्हाऱ्याकडं बघून तिनं हात जोडले.

त्याचा विश्वास बसला नाही. डोळे मिटून त्यानं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. चित्र वरून खाली, रेघारेघांनी उतरू लागलं. आधी अंगठा, मग पट्टा, मग टाच.

टेबलाखाली नाथाजीचे नऊ नंबरचे भेगाळलेले पाय गार पडले होते.

चक्र थांबलं. चित्राखाली अक्षरं उमटली: बायकांच्या चपला, नंबर पाच.