परत आलेला दोर

धरणाच्या पाण्यात नाव चालवणाऱ्या मारोतीचा कायदा साधा होता. धक्क्यावरच्या माणसानं दोर खुंट्याला बांधल्याबिगर नावेत कुणी उठायचं नाही. आणि त्यानं दोर परत फेकला, तर उतरायचंच नाही, धक्का धोक्याचा.

पलीकडच्या धक्क्यावर दोर झेलायची त्याची बायको सरजाबाई. ती वारली, तरी मारोती दोर फेकायचा आणि रिकाम्या धक्क्यावर तो आपसूक बांधला जायचा. मारोतीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. फुकटात काम होतंय, तर चौकशा कशाला?

आज नावेत त्याची लेक मनिषा होती, बाळंतपणासाठी पलीकडच्या दवाखान्यात निघालेली. भर दुपारी मारोतीनं दोर फेकला. तो परत येऊन तिच्या पायाशी पडला.

"बाबा, लई कळा येऊन राहिल्या. लावा की काठाला!"

"तुझी माय न्हाई म्हणून राहिली."

"माय कुठं हाय आता?"

त्यानं पुन्हा फेकला. दोर पुन्हा आला. मारोतीनं नाव गावाकडं वळवली.

मघाशी हात धरून मनिषाला नावेत बसवणारा जावई, आदर्श, अजून अलीकडच्या धक्क्यावर उभा होता. त्यानं दोर झेलला. वाकून नावेत कळा देणाऱ्या मनिषाकडं नीट पाहिलं. मग त्यानंही तो परत फेकला.