शेवटचा राक्षस

कुरुंदवाडच्या आदितीला बघायला कोल्हापूरहून जिनेश आईसोबत आला. हे तिचं सातवं स्थळ, त्यामुळं तिचे वडील तात्यासो सकाळपासून देवाचं नाव घेत होते. पोहे झाल्यावर थोरल्यांनी दोघांना आतल्या खोलीत बोलायला पाठवलं.

"सध्या कुठला गेम खेळताय?" आदितीनं विचारलं. जिनेशनं नाव सांगितलं आणि दोघांची जुंपलीच. तो म्हणाला, गेमच चुकीचा बनवलाय, शेवटचा राक्षस मरतच नाही. ती म्हणाली, गेम झकास हाय, तुम्हाला कंट्रोलर धरता येत नाही.

बाहेर मात्र तिचं शेवटचं बोलणं तेवढं खणखणीत ऐकू आलं.

"त्यात काय अवघड हाय? मी तर पहिल्याच दिवशी मारला की!"

दोन्ही घरं जैन, मुंगीलासुद्धा वाट देणारी. तात्यासोंचा चहा बशीत सांडला. जिनेशच्या आईनं पर्स उचलली.

तेवढ्यात दार उघडलं. जिनेश गालात हसत होता. तात्यासोंनी भीतभीतच विचारलं, "काय ठरलं गं?"



"मुलगा पसंत हाय, बाबा. मारायला तेवढं मी शिकवते."