दोन सामन्यांची शिक्षा

१९३८ सालची गोष्ट. मंगरूळपीरच्या मैदानावर अनसिंग गावच्या संघातल्या नथ्थूनं पायातला चेंडू सोडला आणि नेम धरून जगदेवच्या नडगीवर लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज पंचांनीही ऐकला. पंच मोठे कडक! त्यांनी नथ्थूला चक्क दोन सामने घरी बसायला सांगितलं.

जगदेवला पगार देऊन खेळवणारे दौलतराव पंचांवर धावूनच गेले. "दोन सामने? हा काय न्याय झाला, साहेब?"

मैदानाच्या कडेला बाजेवर, पायाला कामट्या बांधून पडलेल्या जगदेवचे डोळे भरून आले. "पाहा, मालक माह्यासाठी भांडून राह्यले."

 

"एकच सामना करा," दौलतराव म्हणाले. "जगदेवच्या जागेवर मी आता या नथ्थूलेच ठेवलं."