कै. ज्योत्सना

सिहोऱ्याची खुशबू प्रवेशासाठी भंडाऱ्याच्या कॉलेजात आली. कागद तपासणाऱ्या केमिस्ट्रीच्या मॅडम एका प्रमाणपत्रापाशी थबकल्या. ‘कै. ज्योत्सना ठवकर स्मृती विज्ञान शिष्यवृत्ती.’

“हे कोण देतं?”

“आमचे लिलाधर गुरुजी. त्यांची पोरगी लय हुशार होती म्हनतात. भंडाऱ्याले शिकाले आली अन् अपघातात गेली.”

मॅडमनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. मग त्या बोलल्या, तेही गावच्याच बोलीत.

“अपघात नाही झाला, पोरी. म्या जातीबाहेर लगन केलं.”

खुशबूनं प्रमाणपत्रावरचं नाव पुन्हा वाचलं.

“बाबा कसे आहेत?” मॅडमनी हळूच विचारलं.

“बरे आहेत,” ती कशीबशी म्हणाली. “दरसाली तुमच्या दोन वेण्यांच्या फोटोले हार घालतानी मात्र लय रडतात.”