सगळ्यांदेखत

गावातले झाडून सगळे मोबाइल धडगावच्या एकाच दुकानातले. दुकानदार भला माणूस. गिऱ्हाइकाला ईमेल-पासवर्डची कटकट नको, म्हणून प्रत्येक फोनात स्वतःचंच अकाउंट टाकून द्यायचा.

करणसिंगने काठी गावच्या होळीत बायकोचे, सुनिताचे, फोटो काढले होते. अंगभर चांदी घातलेल्या रूपातले. तेच फोटो शेजारच्या जगदीशच्या मोबाइलमध्ये दिसले, तेव्हा त्याचं टाळकंच सरकलं.

"होळीमायची शपथ दादा, आपोआप आले!" जगदीश रडकुंडीला आला. पण कुणाची बायको कुणाच्या फोनात आपोआप येते होय? करणसिंगने पंच बसवले.

गावचे कारभारी मगनबाबा यांनी दोघांचं ऐकून घेतलं. दुसऱ्याच्या बाईवर नजर ठेवणं किती वाईट, हे अख्ख्या गावाला समजावलं आणि निवाडा दिला: जगदीशने फोटो सगळ्यांदेखत डिलीट करायचे, वर एक बोकड द्यायचा.

जगदीशने एकेक फोटो उडवला. तेवढ्यात करणसिंग आपल्या मोबाइलकडे बघून ओरडला, "अरे, माझ्याकडचेही गेले!"

मगनबाबांनी घाईघाईने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, बघितला आणि कपाळावर हात मारला.



"माझ्याकडचेही गेले की रे!"