बर्फातली खिंड

शाळा सुटल्याची घंटा झाली, तशा टॉलेफसनबाई फावडं कुंपणाला टेकवून 'थांबा'ची लाल पाटी हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता त्या निवृत्त झाल्या होत्या. आता मुलांना रस्ता ओलांडून देत होत्या.

रस्त्याच्या मधोमध कमरेएवढा बर्फाचा बांध होता. शाळेकडच्या अल्डर फॉल्स गावाची बर्फ हटवणारी गाडी आपल्या अर्ध्या रस्त्यावरचा बर्फ मध्याकडे ढकलायची आणि ब्रूमची गाडी पलीकडच्या अर्ध्यावरचा. दोन गावांची हद्द तिथेच होती, आणि बांध उचलायचा कोणी यावरून दोन्ही नगरपालिका दर हिवाळ्यात भांडायच्या. तोवर बाई रोज फावड्यानं त्यात खिंड पाडायच्या. पलीकडे राहणाऱ्या मुलांनी घरी जायचं कसं?

खिंडीच्या बरोब्बर समोर ड्वेन कोपेकीचं दुकान होतं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत ते शाळेच्या बाजूला होतं. बाईंनी सह्या गोळा केल्या, त्या सभांना बसल्या, आणि अल्डर फॉल्सनं फळांच्या नि मिठाईच्या चवीच्या तंबाखूवर, ई-सिगारेटींवर बंदी घातली. टाळ्या झाल्या. ड्वेननं सामान ट्रकमध्ये भरलं आणि रस्ता ओलांडला. ब्रूममध्ये असा कायदा नव्हता. त्याच्या काचेवर आता कलिंगडाच्या फोडी आणि निळ्या रासबेरीची चित्रं चमकत होती.

ब्रूमच्या सभेतही बाई गेल्या होत्या. अध्यक्षांनी आधी पत्ता विचारला, आणि तो ऐकून म्हणाले, "आधी आमच्या रहिवाशांना बोलू द्या." रहिवाशांचं बोलणं संपलं, तेव्हा सभेची वेळही संपली होती.

ड्वेन खिंडीतून इकडे आला. हातात कागदी पेल्यात कॉफी.

"घ्या बाई, गरम आहे."

"तुझी कॉफी नको मला."

"घ्या की हो. माझी गिऱ्हाइकं सुखरूप आणून सोडता. एवढं तरी करायला नको का मी?"

"तुला वाचायला मी शिकवलं, ड्वेन."

"म्हणून तर तुमचा कायदा नीट वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत. या बांधापाशी संपतो तो."

"आणि ही पोरं?"

"एकविशीच्या आतल्याला मी काही देत नाही. ओळखपत्र बघितल्याशिवाय पुडी हलवत नाही, विचारा कोणालाही."

"आणि तो कोण?" बाईंनी पाटीनंच दाखवलं. दुकानाशेजारी एक पिकअप उभी होती. दाढीवाला तरुण काच खाली करून वाट बघत बसला होता.

"तो मोठा आहे. घेतलेला माल तो पुढे कोणाला देतो, ते मी बघत बसू?" ड्वेननं कॉफी बर्फात खोचून ठेवली आणि तो परत गेला.

मुलं आली. घोळक्यात मॅरेन होती, तेरा वर्षांची. बाईंच्या हाताखाली वाचायला लागलेली.

"मॅरेन, तुझं घर शाळेच्या मागे. तिकडे काय काम?"

"चिप्स आणायच्यात, बाई."

"चिप्स इकडेही मिळतात."

"त्या वातड असतात."

"आणि ट्रंपेट कुठंय तुझं?"

"बँड सोडला."

"सोडला? अगं, वसंतातल्या कार्यक्रमात तू एकटी वाजवणार होतीस ना?"

मॅरेननं खांदे उडवले. "दम पुरत नाही, बाई. सर्दी झालीये."

"केव्हापासून?"

"थँक्सगिव्हिंगपासून." ती खोकली. तिच्या मफलरला रासबेरीचा वास येत होता.

 बाई रस्त्यात उतरल्या आणि त्यांनी पाटी वर केली. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या.

"आधी ज्यांची घरं पलीकडे आहेत ते!"

धाकटी मुलं दप्तरं सावरत, घसरत, हसत खिंडीतून गेली. शेवटचं पोर पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत बाईंची नजर त्याच्यावर होती. मग त्या मागे वळल्या आणि खिंडीच्या तोंडाशी पाय रोवून उभ्या राहिल्या. मॅरेन आणि बाकीची थोराड मुलं समोर थबकली.

एका गाडीनं भोंगा वाजवला. मग दुसरीनं.

"बाई!" ड्वेन दारातून ओरडला. "असा रस्ता अडवता येत नाही तुम्हाला! तुमची हद्द संपली तिथे!"

"अजून संपली नाही," बाई मागे न बघता म्हणाल्या. त्यांच्या बुटांच्या टाचा बांधाला टेकल्या होत्या.

भोंगे वाढले. पिकअपवाल्यानं काच वर केली, पुन्हा खाली केली. बाईंनी दोन्ही हातांनी पाटी छातीसमोर धरली. तिची कड गाड्यांकडे होती.

"बाई," मॅरेन हळूच म्हणाली, "पाटी आम्हाला काय दाखवताय? गाड्या तिकडे आहेत."

"ठाऊक आहे मला," टॉलेफसनबाई म्हणाल्या, आणि पाटी तशीच धरून राहिल्या.